रविवार सकाळचे मैदान

रविवारी सकाळी सात वाजता फुटबॉलचा सराव, हा हुकूम मीच काढला होता. स्पर्धा तोंडावर आलेली, आठवडाभर तास आणि शिकवण्या. मुलांना मोकळी सकाळ मिळणार ती रविवारचीच, असा माझा सरळ हिशेब. आमचा गोलरक्षक नववीतला ख्रिस्ती मुलगा. दोन रविवार तो आला नाही. क्रीडाशिक्षकांनी त्याचे नाव यादीतून काढले आणि खाली मी सही केली. मग त्याचे वडील आले. म्हणाले, "सर, फादर म्हणतात मिस्सा चुकवू नको, तुम्ही म्हणता सराव चुकवू नको. पोरानं दोघांपैकी कुणाशी खोटं बोलायचं, तेवढं सांगा."

माझ्यापाशी उत्तर नव्हते. पण फादरांपाशी तरी कुठे होते? एका परिचित धर्मगुरूंकडे विषय काढला, तर त्यांनी एरिक लिडेलची गोष्ट ऐकवली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली म्हणून तो धावलाच नाही आणि पुढे चारशे मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन गेला. गोष्ट खरी आणि थोरही. परंतु लिडेल तेव्हा बावीस वर्षांचा होता, आणि त्याला धावायला दुसरी शर्यत होती. चौदा वर्षांच्या पोराला दुसरा संघ कोण देणार? मुलाकडून हौतात्म्य मागायचे आणि वडीलधाऱ्यांनी साधे वेळापत्रकही हलवायचे नाही, याला मी निष्ठा म्हणणार नाही.

खेळ हा चर्चचा शत्रू नव्हेच. गोव्यात फुटबॉल आणला तो १८८३ साली शिवोलीला आलेल्या फादर विल्यम लायन्स यांनी. आमच्या शाळेत मुले बास्केटबॉल खेळतात, तो १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्डला वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात जन्मला. जनक जेम्स नेस्मिथ धर्मशास्त्राचे पदवीधर. इंग्लंडातील एव्हर्टन आणि ॲस्टन व्हिला हे नामांकित संघही मेथडिस्ट चर्चच्या तरुणांनीच उभे केले. ज्या घरातून खेळ बाहेर पडला, त्या घराने आता दारात उभे राहून बोटे मोडावीत?

बरे, वाट नाही असेही नाही. कॅथलिकांच्या १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे आदल्या संध्याकाळची मिस्सा रविवारच्या कर्तव्यात धरली जाते. मग स्पर्धांच्या दिवसांत शनिवारी संध्याकाळी मुलांसाठी मिस्सा ठेवावी, धर्मशिक्षणाचा वर्गही तिला जोडून घ्यावा. प्रॉटेस्टंट मंडळींना तर उपासनेची वेळ बदलायला कुणाची आडकाठी? पण एवढ्यावर थांबले तर ती शरणागती होईल. जूनमध्ये आम्ही वर्षाचे क्रीडा-वेळापत्रक आखतो, तेव्हा फादरांनी आणि पास्टरांनी येऊन ठणकावून सांगावे, रविवारी अकराच्या आत सामना नको. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असे एकही पत्र टेबलावर आलेले नाही. उलट मिशनच्या शाळांचे क्रीडाशिक्षकच रविवारी सकाळी शिट्टी गळ्यात अडकवून मैदानावर उभे असलेले मी पाहिले आहेत! प्रवचनात ज्या मुलांना दोष द्यायचा, त्यांनाच आपल्या शाळेने सातला बोलवायचे, हा कुठला न्याय?

माझा दोष मी झाकत नाही. यंदा आमचा सराव रविवारी दुपारी चारला असतो. तो गोलरक्षक आता दहावीत आहे, आणि दहावीच्या मुलांना आम्ही संघात घेत नाही.