समुद्रांतला कलमी वंश

ओहोटीच्या वेळीं मालवण-रत्नागिरीकडील खडकांवर हिंडलेल्या वाचकांस तपकिरी रंगाचें, चामड्यासारखें चिवट असें एक शेवाळ आठवत असेल. सारगॅसम हें त्याचें शास्त्रीय नांव. त्याच्या फांद्यांवर हवेचे बारीक फुगे असतात व त्यांच्या बळावर तें पाण्यांत उभें राहतें. अमरकोशानें शेवाळास ‘जलनीली’ म्हटलें आहे. तें नांव तळ्यांतील शेवाळास शोभेल, समुद्रांतील या तपकिरी घराण्यास मुळींच शोभणार नाहीं.

आज ज्याची हकीकत सांगावयाची तें शेवाळ याच घराण्यांतलें, परंतु फार दूरचें. ‘फ्यूकस व्हेसिक्युलोसस’ म्हणजे लहान फुगे असलेलें फ्यूकस, हें त्याचें नांव लिनियसच्या १७५३ सालच्या ग्रंथांत आहे. उत्तर अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर तें वाढतें, आणि तेथून आंत बाल्टिक समुद्रांतहि शिरलें आहे. बाल्टिक हा समुद्र म्हणावयाचा खरा, पण त्याचें पाणी अळणी. महासागराच्या एक किलो पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. स्वीडन व फिनलंड यांमधील बॉथ्नियाच्या आखातांत ते पांच-सहा ग्रॅमच भरतात, व उत्तरेकडे त्याहूनहि कमी. हिमयुगाचें बर्फ वितळल्यावर, सुमारें ८००० वर्षांपूर्वीं, महासागराचें खारें पाणी तेथें शिरलें. त्याच्या मागोमाग हें शेवाळ आलें. पुढें पाणी हळूहळू गोडें होत गेलें आणि याच्या संसारावर संकट आलें.

तें संकट असें. या शेवाळांत नर व मादी अशीं रोपें निरनिराळीं असतात. बाल्टिकमध्यें उन्हाळ्याच्या आरंभीं, वारा पडलेल्या सायंकाळीं, बहुधा पौर्णिमा किंवा अमावास्येच्या सुमारास, दोन्ही आपापलें बीज पाण्यांत सोडतात. पंचांग न उघडतां साधलेला हा मुहूर्त पाहून आमच्यासारख्या जुन्या माणसास कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. एक शुक्राणु अंड्यांत शिरला कीं अंडें तत्काळ आपलें दार लावून घेतें. परंतु हें दार लागण्यास पाण्यांत पुरेसा सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, हवा. पाणी फार अळणी असलें तर दार उघडेंच राहतें, अनेक शुक्राणु आंत घुसतात आणि तें अंडें मरतें.

तरीहि बाल्टिकमधील वंश बुडाला नाहीं. ज्यांचीं अंडीं थोड्याशा मिठावर दार लावूं शकत होतीं त्यांचीच प्रजा मागें उरली. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, बाल्टिकमधील रोपांचें बीज जितक्या कमी मिठांत आपलें काम करतें तितक्यांत महासागराकडील भावंडांचें करीत नाहीं. परिस्थितीशीं जुळवून घेणें म्हणतात तें हेंच. कोणा एका रोपानें प्रयत्नपूर्वक संवय लावून घेतली असें नव्हे. मुळांतच जनुकें निरनिराळीं होतीं, म्हणून निवड होऊं शकली.

कांहीं रोपांनीं मात्र विवाहाचा खटाटोपच सोडून दिला. इतर समुद्रांत या शेवाळाचा तुकडा तुटला तर तो किनाऱ्यास लागून कुजतो. बाल्टिकमध्यें रोपाच्या अंगावर बारीक कोंब येतात, ते गळून खालीं पडतात, आणि खडकास धरून त्यांचीं नवीं रोपें होतात. आंब्याचें उदाहरण घ्यावें. कोय लावून उगवलेला रायवळ प्रत्येक निराळा. कोणी आंबट, कोणी शेपूच्या वासाचा. हापुसचें कलम मात्र नवें झाड नव्हेच. तें जुनेंच झाड दुसऱ्या बुंध्यावर नांदत असतें. बॉथ्नियाच्या आखातांत एका मादीचा असा कलमी पसारा स्वीडनच्या किनाऱ्यानें सुमारें ५५० किलोमीटर गेलेला आढळला आहे. मुंबईहून समुद्रमार्गें पणजीस जावें त्याहून हें अंतर अधिक! रोपांची संख्या लाखांनीं मोजावी लागेल, आणि सगळी मिळून बाई एकच. तिच्या घरीं सासू तीच आणि सूनहि तीच. भांडणाची सोयच नाहीं.

हीं रोपें ठेंगणीं व अरुंद पात्यांचीं दिसत, म्हणून २००५ सालीं शास्त्रज्ञांनीं त्यांस स्वतंत्र जाति ठरवून ‘फ्यूकस रॅडिकन्स’, म्हणजे मुळें धरणारें, असें नांव दिलें. पुढें जनुकांची अधिक बारीक वाचणी झाली. २०२५ सालीं गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, हा अवाढव्य कलमी पसारा निराळ्या जातीचा नसून जुन्या फ्यूकस व्हेसिक्युलोससच्याच एका मादीचा आहे. नुसत्या रूपावरून कूळ ठरवूं नये असें वैयाकरणांस सांगावें लागत नाहीं. वनस्पतिशास्त्रज्ञांसहि तें आतां पटलें असावें.

आमच्या मतें खरा प्रश्न नांवाचा नाहीं. बाल्टिकचें पाणी तापत आहे, आणि तें अधिक अळणी होईल अशीहि भीति व्यक्त होते. या शेवाळाच्या झुडपांत माशांचीं पिलें व बारीक कोळंबीसारखे जीव आश्रय घेतात. तेथें दुसरें मोठें शेवाळ जवळजवळ नाहींच. कलमी वंश एकदां जमला कीं झपाट्यानें पसरतो, पण त्याच्या लाखों रोपांत एकच प्रकृति असते. एकास जें सोसवत नाहीं तें कोणासच सोसवत नाहीं. केळीचें असेंच झालें. ‘ग्रो मिशेल’ नांवाची केळ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभरच्या व्यापारांत होती. सगळी लागवड मुनव्यांची, म्हणून पनामा रोगानें तिचे मळेच्या मळे गेले, आणि व्यापाऱ्यांस दुसरी जात धरावी लागली.

बॉथ्नियाच्या आखातांत सुदैवानें सगळींच रोपें कलमी नाहींत. कोठें ती एकच बाई सारा खडक व्यापून आहे, कोठें तिच्या शेजारीं बीजापासून झालेलीं रोपेंहि वाढतात. दोहोंत भेद इतका सूक्ष्म कीं डोळ्यांनीं ओळखणें कठीण. म्हणून एखाद्या खाडींतील शेवाळ राखावयाचें कीं दुसरीकडचें आणून लावावयाचें, हें ठरविण्यापूर्वीं तेथील जनुकें वाचून पाहावीं लागतात.