दिवस उलटले आणि पोटात पाणी जास्त



आमच्या वस्तीतली एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून पाच दिवस झाले, तरी कळांचा पत्ता नव्हता. पोट मात्र एवढे वाढले होते की तिला उताणे निजता येईना. चार पायऱ्या चढली की धाप लागे. शेजारणी म्हणत, "जुळं असंल." सोनोग्राफीत मूल एकच निघाले, पण गर्भजल जास्त असल्याचे कळले. त्यावर घरात दोन गोष्टी ठरल्या. तिचे पाणी पिणे निम्म्यावर आणायचे आणि कळा येईपर्यंत घरीच थांबायचे, कारण दवाखान्यात गेले की सिझर करतात. तिची आई आम्हाला विचारायला आली, "बाई, आमचं बरोबर हाय ना?"

दोन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. असा प्रसंग इतर घरांतही येतो, म्हणून आज याच विषयावर लिहीत आहोत.

बाळ ज्या पाण्यात तरंगते ते आपण प्यालेले पाणी पोटात साठून झालेले नसते. गरोदरपणाच्या उत्तरार्धात ते मुख्यतः बाळाच्या लघवीचे असते. बाळ ते गिळते आणि पुन्हा लघवीवाटे सोडते. हे येणे-जाणे सारखे राहिले की पाणी बेताचे राहते. म्हणून आईला तहानलेले ठेवून गर्भजल कमी होत नाही; तिला अशक्तपणा मात्र येतो. पाणी पोटभर प्यावे.

साधारण ३४ ते ३६ आठवड्यांत हे पाणी सर्वांत जास्त असते आणि पुढे कमी होऊ लागते. दिवस उलटले की बहुधा पाणी कमी पडण्याचीच काळजी असते. उलट ते जास्त असेल तर कारण शोधायला हवे. सोनोग्राफीत चार ठिकाणच्या पाण्याची खोली मोजून बेरीज करतात. ती २५ सेंटिमीटर किंवा अधिक भरली तर पाणी जास्त समजतात. सगळ्यांत मोठे कारण म्हणजे आईची वाढलेली साखर. काही वेळा बाळाच्या अन्ननलिकेत अडथळा असतो, त्याला गिळता येत नाही. कधी आईचा व बाळाचा रक्तगट न जुळल्याने बाळाला रक्तक्षय होतो. परंतु पाणी थोडेच जास्त असेल तर बऱ्याचदा कारण सापडतच नाही आणि बाळ चांगले निपजते. तेव्हा आकडा ऐकून घाबरू नये, तपासणी मात्र पूर्ण करावी. साखरेची तपासणी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणाचा मधुमेह धरतात.

आधी तारीख नीट तपासून घ्या. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने सात दिवस, म्हणजे २८० दिवस, असा हिशेब असतो. पाळी १ जानेवारीला आली असेल तर तारीख ८ ऑक्टोबर. पाळी अनियमित असेल किंवा दिवस आठवत नसेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख जास्त भरवशाची. तो कागद जपून ठेवा. तारखेची खात्री असेल तर ४१ आठवडे पुरे होताच, म्हणजे तारखेनंतर सात दिवसांनी, औषधाने कळा आणाव्यात अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पाणी जास्त असेल तर डॉक्टर त्याहून आधीही निर्णय घेतात. कळा आणणे म्हणजे सिझर नव्हे. कित्येक बायका अशा रीतीने नीट बाळंत होतात.

मग घरी का थांबू नये? पाणी फार असले की बाळाचे डोके खाली पक्के बसत नाही. मूल आडवे किंवा पायाळू राहू शकते. अशात पाणमोट एकदम फुटली तर लोंढ्याबरोबर नाळ खाली घसरते आणि डोक्याखाली दाबली जाते. बाळाचा श्वास त्या नाळेवरच असतो. मग काही मिनिटांचा प्रश्न उरतो. कधी पोट अचानक हलके झाल्याने वार आधीच सुटते आणि रक्त जाते. फार ताणलेले गर्भाशय बाळंतपणानंतर लवकर आवळत नाही, त्यामुळेही रक्तस्राव होतो. या तिन्ही गोष्टींवर दवाखान्यात उपाय आहे, घरात नाही.

दवाखान्यात जाईपर्यंत पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

उताणे न निजता डाव्या कुशीवर निजावे. पोटाखाली व गुडघ्यांमध्ये उशी किंवा घडी घातलेली गोधडी घ्यावी. धाप लागत असेल तर पाठीला टेकू देऊन अर्धवट बसावे. एकाच वेळी पोटभर न जेवता थोडे थोडे चार-पाच वेळा खावे. बाळाच्या हालचालीकडे रोज लक्ष ठेवावे. ती कमी वाटली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. रात्री घरात बाई एकटी नसावी.

पाणी फुटले तर वेळ पाहून ठेवा, पाण्याचा रंग पाहा आणि १०८ ला फोन करा. हिरवट किंवा रक्ताचे पाणी असेल तर तसे सांगा. अंगावर नाळ आल्यासारखी वाटली तर ती आत ढकलू नका, ओढू नका. बाईने गुडघ्यांवर वाकून डोके खाली आणि कंबर वर ठेवावी आणि तशीच तिला न्यावी.

खर्चाच्या भीतीने थांबू नका. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधे, रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. हा आपला हक्क आहे. घरातल्या दोघांनी रक्त देण्याची तयारी मात्र ठेवावी.

बाळ जन्मल्यावर त्याच्या अन्ननलिकेची वाट मोकळी आहे का, हे डॉक्टर बारीक नळी घालून पाहतात. त्यांनी सांगेपर्यंत मध, गुळाचे पाणी, घुटी काही चाटवू नका. वाट बंद असेल तर ते फुप्फुसात जाते. वाट मोकळी आहे असे कळताच आईचे दूध द्यावे.

त्या लेकीला आम्ही त्याच दुपारी जिल्ह्याच्या दवाखान्यात नेले. साखर ठीक निघाली. कारण सापडले नाही. बाळाचे डोके अजून वरच होते. डॉक्टरांनी औषधाने कळा आणल्या आणि डोके खाली बसल्यावर पाणमोट स्वतः फोडून पाणी हळूहळू सोडले. मुलगी झाली, सिझरशिवाय. पण त्यानंतर गर्भाशय सैल पडले आणि रक्त जाऊ लागले. इंजेक्शने हाताशी होती, बाटली लावलेलीच होती. ते थांबले. तिची आई बाहेर आमचा हात धरून एवढेच म्हणाली, "घरी असतो तर?"

हा प्रश्न कोणत्याही आईला नंतर पडू नये. लेक असो वा सून, दिवस उलटले आणि पोट जास्त वाटले तर तिचा पाण्याचा तांब्या काढून घेऊ नका. तिचे कागद पिशवीत भरा आणि तिला दवाखान्यात न्या.