बंद केलेल्या सेवा पूर्ववत् करण्याविषयीं

संगणक मंद चालूं लागला म्हणजे त्यांतील ‘अनावश्यक’ सेवा बंद कराव्या, असा सल्ला हल्लीं कोणीही कोणासही देतो. या सेवा म्हणजे पडद्याआड निमूटपणें चालणारीं कामें. एक छपाईचे कागद रांगेनें यंत्राकडे पाठविते, दुसरी ‘अपडेट’ म्हणजे नव्या सुधारणा उतरवून घेते, तिसरी घड्याळ बरोबर ठेविते. त्या डोळ्यांस दिसत नाहींत. म्हणूनच त्यांच्यावर घाव घालणें सोपें वाटतें.

बंद करण्यास आमचा विरोध नाहीं. मालवणचे मच्छीमारही पावसाळ्यापूर्वीं होड्या ओढून झांपांखालीं ठेवितातच. परंतु नारळी पौर्णिमा झाली कीं त्या पुन्हा पाण्यांत लोटतात. २०२१ च्या जुलैंत विंडोजच्या छपाई-सेवेंत मोठा दोष उघडकीस आला, तेव्हां ती बंद ठेवण्याचा तात्पुरता उपाय स्वतः मायक्रोसॉफ्टनें सांगितला होता. आपल्याकडे चूक होते ती पुढें. मोबाइलचा डेटा वाचावा म्हणून परीक्षेच्या दिवसांत अपडेटची सेवा बंद होते, आणि वर्षभर तशीच राहते. हें दुर्लक्ष महागांत पडतें. १४ मार्च २०१७ रोजीं मिळालेली सुधारणा न घेतलेले असंख्य संगणक १२ मे रोजीं ‘वॉनाक्राय’च्या तडाख्यांत सांपडले, इंग्लंडांतील इस्पितळांस शस्त्रक्रिया पुढें ढकलाव्या लागल्या.

पूर्ववत् करणें म्हणजे सर्व कांहीं चालू करणें, असेंही नव्हे. विंडोजमध्यें छपाईची सेवा मुळांत ‘ऑटोमॅटिक’ असते. अपडेटची सेवा विंडोज १० मध्यें ‘मॅन्युअल’, म्हणजे कारण पडेल तेव्हां जागी होणारी. उत्साहाच्या भरांत सर्वांसच ‘ऑटोमॅटिक’ करणारा मनुष्य मूळ स्थिति आणीत नाहीं, निराळीच घडी बसवितो. म्हणून बदलापूर्वीं मूळ नोंद वहींत लिहून ठेवावी. ती नसेल तर त्याच आवृत्तीचा, कोणाचा हात न लागलेला दुसरा संगणक पाहावा, आणि ‘सर्व्हिसेस’च्या यादींत तेवढीच सेवा तशी करावी. एका सेवेसाठीं सगळी विंडोज नव्यानें बसविणें म्हणजे एक कौल गळतें म्हणून घर उतरविणें होय.

डेटाची अडचण खरी आहे. पालकांनीं ती हंसण्यावारी नेऊं नये. पण जोडणी ‘मीटर्ड’ आहे असें नेटवर्कच्या सेटिंगांत नोंदविलें, तर बहुतेक सुधारणा आपोआप उतरत नाहींत. महिन्यांतून एकदां, डेटा पुरेसा असेल त्या दिवशीं, ती खूण काढून सुधारणा घ्याव्या. शाळेच्या संगणकाची गोष्ट वेगळी. तेथें विद्यार्थ्यानें आपण होऊन हात न घालतां शिक्षकांस सांगावें.