हजेरी आणि उधारी

टाळेबंदीच्या काळात विद्यार्थी आळशी झाले, असे आमच्या प्राध्यापकवर्गात आजही सर्रास बोलले जाते. मला हे निदान फार सोयीचे वाटते. त्यात आपल्याकडे काही दोष उरत नाही. गोंदिया जिल्ह्यात वाणिज्य शाखेच्या मुलांना मी मराठी शिकवतो. माझा अनुभव असा की, ही मुले आळशी झाली नाहीत, हिशेबी झाली. आणि हिशेब त्यांनी बरोबर मांडला.

मार्च २०२० पासून २० ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यातली महाविद्यालये पुन्हा उघडेपर्यंत आमचा वर्ग बहुतांशी मोबाईलच्या पडद्यावरच भरला. देवरी, सालेकसाकडच्या जंगलपट्ट्यातल्या मुलांना रेंजसाठी कधी गावाबाहेर यावे लागे. घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो आधी भावाच्या हाती जाई. माझ्या वर्गातून मुली गळाल्या त्या तिथे. ज्यांना रेंज होती त्यांनी वेगळाच ताळेबंद मांडला. तासाला डेटा किती जातो आणि त्या बदल्यात मिळते काय? मी पाठ वाचत होतो, सारांश सांगत होतो. तोच सारांश पीडीएफमध्ये दोन मिनिटांत मिळत होता. मग व्याख्यान चालू ठेवून, कॅमेरा बंद करून मुलगा राइस मिलच्या काट्यावर धानाची पोती मोजत असेल, तर त्याला बेशिस्त कसे म्हणावे? (एकदा माझ्या तासाला ट्रकचा हॉर्न आणि हमालांची आरोळी ऐकू आली. मी रागावलो. त्या तासातला तेवढाच भाग अस्सल होता, असे आज वाटते.)

परीक्षाही बहुपर्यायी झाल्या. मराठीचे एकही वाक्य न लिहिता वर्ष पार करता येते, हा धडा आपणच दिला. वर्ग पुन्हा भरले तेव्हा फळ्यावरच्या पत्राच्या नमुन्याचे फोटो निघाले, वह्या निघाल्या नाहीत.

तरीही ही मुले भाषेबाबत उदासीन आहेत, हे मी मानणार नाही. मिलमध्ये मुनिमाच्या हाताखाली राबणाऱ्या त्याच मुलाने एका थकबाकीदार व्यापाऱ्याला पाठवलेला व्हॉट्सॲपवरचा निरोप मला दाखवला. अर्धी हिंदी, अर्धी मराठी, शुद्धलेखनाच्या नावाने शंख. पण आरंभी प्रकृतीची विचारपूस, मग मालकाची अडचण, रक्कम अगदी शेवटी, आणि तारीख ठरवणे समोरच्यावर सोपवलेले. पैसे मागितले, संबंध तोडला नाही. आमच्या पुस्तकातल्या मागणीपत्रात यातले काहीही नाही. त्याच आठवड्यात त्याने मला दिलेले मागणीपत्र मात्र कुठल्याशा संकेतस्थळावरून उतरवलेले होते. कारण विचारले, तर म्हणाला, "सर, ते कोणाला पाठवायचं नव्हतं ना."

कोणालाच पाठवायचे नाही असे लेखन आम्ही टाळेबंदीपूर्वीही करून घेत होतो. बाकावर बसलेली मुले ते निमूट सोसत होती, एवढेच. आता ती सोसत नाहीत. यंदा मी रखडलेल्या धानाच्या चुकाऱ्याबद्दल, गावच्या एसटीच्या वेळेबद्दल खरी पत्रे लिहून घेतो आणि टपालात टाकतो. तपासताना रात्री जातात, अभ्यासक्रम दोन पाठ मागे आहे, विभागप्रमुख नाराज आहेत. आतापर्यंत एका पत्राला उत्तर आले आहे.