सांगकाम्याला सांगताना

शिंप्याला ‘चांगलासा सदरा शिव’ एवढेच सांगून घरी परतणारा गृहस्थ अजून माझ्या पाहण्यात नाही. तो निदान माप तरी देतो. परंतु संगणकाचे काम दुसऱ्याकडून करून घेताना भले भले लोक माप द्यायचेच विसरतात. ‘सोपे असावे, छान दिसावे’ असे सांगून परगावच्या कंपनीला पैसे पाठवतात आणि दोन महिन्यांनी कपाळाला हात लावून बसतात.

माझी एक माजी विद्यार्थिनी आईच्या फराळाच्या धंद्यासाठी मोबाईलचे ॲप करून घेणार होती. पैसा आईच्या मुदतठेवीतला. ‘सर, एवढा मजकूर तपासून द्या,’ म्हणाली. शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. पण एक वाक्य होते : ‘गिऱ्हाइकाला परवाची ऑर्डर बदलता यावी.’

मी विचारले, ‘अगं, परवा म्हणजे गेलेला की येणारा?’

ती हसू लागली. आपला ‘परवा’ दोन्हीकडे तोंड करून उभा असतो. माणूस संदर्भाने ओळखतो. संगणक बापडा निव्वळ सांगकाम्या! शिवाय ‘ऑर्डर’ हा शब्द कुठे मागणी, कुठे पुडा, तर कुठे पावती या अर्थी आला होता. निबंधात शब्दांची विविधता शोभते. इथे एका वस्तूला एकच शब्द हवा.

आम्ही सारे पुन्हा लिहून काढले. ‘सोपे’ खोडले आणि लिहिले : साठीच्या बाईंना कुणाला न विचारता चकली मागवता आली पाहिजे. आदल्या रात्री ९ नंतर मागणी बदलता येणार नाही. चिवडा संपला तर काय दिसावे? पैसे गेले, पण मागणी नोंदली गेली नाही, तर? प्रत्येक पडद्याचे चित्र वहीत पेन्सिलीने काढले. काय नको, तेही लिहिले. शेवटी विनंती केली : तुम्हांला काय समजले ते तुमच्या शब्दांत कळवा आणि आधी एकच पडदा करून दाखवा.

उत्तर आले. त्यात होते : ‘वजन पूर्ण किलोत.’ म्हणजे अर्धा किलो चकली नेणारी निम्मी गिऱ्हाइके दारातूनच परतली असती! कागदावर ती चूक एका ओळीत दुरुस्त झाली. ॲप तयार झाल्यावर तिच्यासाठी मुदतठेवीला पुन्हा हात घालावा लागला असता.

थोरामोठ्यांच्या घरीही हेच घडते. अमेरिकेच्या नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोहोचताच गमावले गेले. कंत्राटदार लॉकहीड मार्टिनच्या सॉफ्टवेअरने इंजिनाच्या धक्क्यांचे आकडे पौंडांच्या हिशेबात दिले. नासाच्या मंडळींनी ते न्यूटनच्या हिशेबात धरले. फरक सुमारे साडेचार पटींचा! मेट्रिक माप वापरावे असे लेखी ठरलेले होते. ते पाळले जाते की नाही, याची मात्र नीट पडताळणी झाली नाही.

तेव्हा वाचकहो, लिहून द्या, उदाहरण द्या आणि समोरच्याला काय समजले ते विचारून घ्या. लिहिताना पेन अडखळले, तर करणाऱ्याला दोष देण्याची घाई करू नका. आपल्याला काय हवे, हे बहुधा आपणच अजून ठरवलेले नसते.