फी कशाची भरायची?

डिप्लोमाचं शेवटचं वर्ष संपत आलं, किंवा बी.कॉम. होऊन दोन वर्षं त्याच पगारावर गेली, की मोबाईलवर एक जाहिरात हटकून डोकावू लागते : सहा महिन्यांत फुल स्टॅक डेव्हलपर व्हा. नुसता नंबर टाकला तरी तासाभरात फोन येतो. पलीकडच्या ‘काउन्सेलर’ मॅडम आधी करिअरची चौकशी करतात, मग घरात कमावणारे किती ते विचारतात, आणि शेवटी ऐंशी हजारांच्या फीवर तीस हजारांची स्कॉलरशिप मंजूर झाल्याची बातमी देतात. ती मात्र आज रात्री बारापर्यंतच. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांचाच फोन येतो, आणि स्कॉलरशिप अजून शिल्लक असते.

फोन ठेवला तरी मूळ प्रश्न उरतो. प्रोग्रामिंग शिकायला पैसे मोजावेत का, आणि मोजायचे तर किती?

‘मोजू नयेत’ म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. हार्वर्डमधले डेव्हिड मलान यांचा सीएस५० हा कोर्स इंटरनेटवर फुकट आहे, लिहिलेला कोड आपोआप तपासून देण्याच्या सोयीसकट. एनपीटीईएल या शैक्षणिक पोर्टलवर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद पायथनमधून डेटा स्ट्रक्चर्स शिकवतात. फ्रीकोडकॅम्प २०१४ पासून वेब डेव्हलपमेंट विनामूल्य शिकवतं आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले कितीतरी धडे मराठी आवाजातही आहेत. पुस्तकच हवं असेल, तर नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ काहीशे रुपयांत मिळतं. तेव्हा ‘आमचा कन्टेन्ट एक्सक्लुझिव्ह आहे’ असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्यावं. फॉर लूप सगळीकडे सारखाच फिरतो.

पण फुकट मिळालेलं तडीस किती जण नेतात? जस्टिन राइश आणि होसे रुईपेरेझ-वॅलिएंटे यांनी हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सेसची आकडेवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. २०१७-१८ मध्ये सहभागी झालेल्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी कोर्स पुरा केला होता. पैसे भरून प्रमाणपत्रासाठी नाव नोंदवलेल्यांत हेच प्रमाण ४६ टक्के होतं. कोर्स विकणारे यावरून सांगतील की पैसे भरले की माणूस शिकतो. हे अर्धंच खरं. जो मुळातच नेटाने करणार असतो, तोच बहुधा खिशात हात घालतो. शिवाय पैसे भरूनही निम्म्याहून अधिक लोक मधेच थांबले, त्याचं काय? तरी उरलेलं अर्धं मी नाकारणार नाही. दिवसभराच्या कामानंतर रात्री दहाला लॅपटॉप उघडताना ‘पैसे भरलेत, आता बस’ हा विचार बऱ्याच जणांना खुर्चीत टिकवून ठेवतो.

मात्र एवढा धाकच हवा असेल तर तो फार स्वस्तात मिळतो. एनपीटीईएलचे धडे फुकट असतात, दर आठवड्याची असाइनमेंट मुदतीत द्यावी लागते, आणि प्रमाणपत्र हवं असेल तर साधारण हजार रुपये भरून परीक्षा केंद्रावर जाऊन बसावं लागतं. युडेमीवर छापील किंमत तीन-चार हजार असली तरी सेल जवळपास बारमाही असतो. चार-पाचशे रुपयांत कोर्स मिळतो आणि बहुतेक कोर्सेसना ३० दिवसांत पैसे परत मागता येतात. मग पन्नास-साठ हजार कशासाठी?

नवशिक्या मुलाचा एक प्रोग्राम जवळून पाहू. पायथनमध्ये दोन आकडे घेऊन त्यांची बेरीज करायची आहे. तो ५ टाकतो, ३ टाकतो, उत्तर येतं ५३. व्हिडिओतल्या सरांचं उत्तर ८ आलं होतं. तो व्हिडिओ मागे नेतो, ओळ न् ओळ ताडून पाहतो. सरांनी इनपुटभोवती लावलेला ‘इंट’ आपल्याकडून राहिलाय हे दिसतं. तो लावतो, ८ येतं, पुढचा व्हिडिओ सुरू होतो. कीबोर्डवरून आलेलं सगळं पायथन आधी मजकूर म्हणून घेतं आणि मजकुराला मजकूर जोडला की ५ च्या पुढे ३ लागतो, ‘इंट’ लावला की त्याचा आकडा होतो, हे त्याच्या लक्षात आलेलंच नसतं. पंधरा दिवसांनी तो दुकानाचं बिल काढायचा प्रोग्राम स्वतःच्या मनाने लिहायला बसतो. या वेळी नगांना इंट लावलेला असतो, दराला लावायचा राहतो, आणि ५० रुपयांच्या तीन वह्यांचं बिल ५०५०५० येतं. तो पुन्हा व्हिडिओ शोधायला निघतो.

त्याचा कोड वाचणारं कोणी असतं, तर ५३ लाच त्याला थांबवलं असतं. व्हिडिओ, पीडीएफ नोट्स, ‘लाइफटाइम अॅक्सेस’ यांना मी फारसं मोल देत नाही; या वाचणाऱ्या माणसाला देतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून या हिशेबातही फरक पडलाय. ५३ का आलं हे विचारलं तर ते न कंटाळता समजावून सांगतं, रात्री दोन वाजतासुद्धा. त्यामुळे ‘चोवीस तास डाउट सपोर्ट’साठी वेगळे पैसे मोजण्यात आता फारसा अर्थ नाही. अडचण अशी की मागितलं तर ते अख्खं बिलच लिहून देतं. ‘देणार नाही, तू कर, उद्या दाखव’ असं म्हणायला अजून तरी एखाद्या खमक्या मॅडम किंवा सरच लागतात.

महागड्या कोर्सच्या फीतला मोठा हिस्सा बहुधा या मास्तरकीचा नसतोच. तो नोकरीच्या आशेचा असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. खात्रीशीर यशाचे दावे त्यांत बसत नाहीत. त्याऐवजी जाहिरातींत दिसतं ते ‘१००% प्लेसमेंट असिस्टन्स’. शंभर टक्के आहे ती मदत, नोकरी नव्हे. ‘आधी नोकरी, मग फी’ हा प्रकार त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो, आणि क्लासचं हित विद्यार्थ्याच्या पगारात गुंतवण्याची कल्पना वाईटही नाही. पण अमेरिकेत हे धोरण गाजवणाऱ्या ब्लूमटेकवर, म्हणजे पूर्वीच्या लॅम्बडा स्कूलवर, तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण यंत्रणेने एप्रिल २०२४ मध्ये कारवाई केली. जाहिरातीत ७१ ते ८६ टक्के प्लेसमेंट होती. कंपनीच्या स्वतःच्या नोंदींत ती ५० टक्क्यांच्या आसपास, काही तुकड्यांत ३० टक्क्यांपर्यंत खाली होती. आणि नोकरीनंतरच्या या फीबद्दल ‘हे कर्ज नाही’ असं सांगितलं जात होतं, प्रत्यक्षात ते कर्जच होतं.

आपल्याकडे कर्ज ‘नो कॉस्ट ईएमआय’ या नावाने येतं. पन्नास हजारांच्या फीवर १८ टक्के जीएसटी धरून ५९ हजार होतात. ते फायनान्स कंपनी क्लासला देऊन टाकते आणि हप्ते विद्यार्थ्याच्या किंवा त्याच्या वडिलांच्या नावावर लागतात. दुसऱ्या महिन्यात शिकवणं आवडलं नाही म्हणून कोर्स सोडला, तरी क्लासने पैसे परत करेपर्यंत हप्ते सुटत नाहीत. ते थकले की सिबिल बिघडतो. डिजिटल कर्जाबाबतच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाचा सगळा खर्च दाखवणारं पत्रक आधी मिळायला हवं, आणि सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंड न भरता बाहेरही पडता येतं. ओटीपी सांगण्याच्या घाईत हे कोण विचारतो?

लाखाच्या घरात खर्च करायचाच असेल, तर तुलना पुण्यातल्या सी-डॅक या सरकारी संस्थेच्या, पीजी-डॅक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोर्सशी करावी. तिथे प्रवेश परीक्षा असते, साधारण सहा महिने दिवसभराची हजेरी असते, कॅम्पसला कंपन्या येतात. तिथेही नोकरीची हमी नाही, आणि पुण्यात राहण्याचा खर्च वेगळा. शिवाय हा मार्ग सगळ्यांसाठी नाही. भोसरीत शिफ्ट करणाऱ्या, घरी दोन लहान मुलं असणाऱ्या माणसाकडे थोडे पैसे असतात, वेळ नसतो. आधी काय शिकावं आणि काय सोडावं, हे ठरवण्यात त्याचे चार महिने जाणार असतील, तर ते ठरवून देणाऱ्याला त्याने खुशाल फी द्यावी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजी व्हिडिओ डोक्यावरून जात असतील, तर तालुक्याच्या गावी मराठीत समजावणारे सर तिला कुठल्याही नावाजलेल्या अॅपपेक्षा जास्त उपयोगी पडतील. नुकत्याच पदवी घेतलेल्याची गोष्ट उलटी. त्याच्याकडे वेळ आहे, पैसे वडिलांचे आहेत. त्याने पहिले दोन महिने फुकट कोर्सवर काढावेत आणि बिलाचा तो प्रोग्राम कोणाचंही न बघता लिहून दाखवावा. त्यातच कंटाळा आला, तर साठ हजार भरूनही येणारच होता.

तिथून पुढे अडलं, तर पैसे भरायला हरकत नाही. आधी फोनवरच्या काउन्सेलर मॅडमकडून दोन गोष्टी मागून घ्याव्यात : एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचा कोड, नाव झाकून का होईना, पण त्यावर मेंटरने लिहिलेल्या शेऱ्यांसकट, आणि परताव्याच्या अटी ईमेलवर. ‘ते सगळं अॅडमिशननंतर’ असं उत्तर आलं तर विषय संपला. शेरे दाखवले, ते वाचून काही शिकण्यासारखं वाटलं आणि पैसे हप्त्याचे नसून घरचे असतील, तर तीस-चाळीस हजार द्यावेत.