मांड हवी की बैठक?

मोटारीचे इंजिन किती अश्वशक्तीचे, शून्यापासून शंभराचा वेग ती किती सेकंदांत गाठते, चाके किती इंचांची, यावर माणसे रात्र जागवतात. पण प्रवासभर ज्या वस्तूला आपले अंग टेकलेले असते, त्या सीटचा विषय निघाला की 'ते काय, असतेच' म्हणून पुढे सरकतात. वेगाच्या, महागड्या गाड्यांच्या बाबतीत तर हे फारच खटकते. तिथे सीट नुसती 'असत' नाही. ती निवडावी लागते आणि त्या निवडीचे वेगळे पैसेही मोजावे लागतात.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो भाच्यामुळे. तो जर्मनीत, स्टुटगार्टजवळ नोकरीला आहे. मध्यंतरी त्याने बीएमडब्ल्यूच्या पाच मालिकेतली, २०१४ सालची, आठ सिलिंडरांची एक वापरलेली गाडी घ्यायचे ठरवले. साडेचारशेच्या आसपास अश्वशक्ती! दोन गाड्या समोर होत्या. किंमत, रंग, धाव सारे जवळपास सारखे. फरक एवढाच, की एकीत स्पोर्ट सीट आणि दुसरीत कम्फर्ट सीट. त्याचा कल अर्थातच पहिलीकडे. ''मामा, एवढी जोरदार गाडी घ्यायची आणि सोफ्यावर बसून चालवायची?'' असा त्याचा सवाल. सवाल मला आवडला. सल्ला मात्र मी दुसऱ्या गाडीचा दिला.

आधी त्याची बाजू. आपल्या भाषेत दोन नेमके शब्द आहेत. घोडेस्वाराची असते ती मांड आणि दिवाणखान्यात असते ती बैठक. स्पोर्ट सीट म्हणजे मांड. पाठीच्या आणि मांड्यांच्या दोन्ही बाजूंना तिचे उंच, टणक कठडे असतात. ते शोभेसाठी नसतात. साधा हिशेब मांडून पाहा: ५० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ८० किलोमीटर वेगाने घेतले, तर अंगावर बाजूने येणारा जोर जवळजवळ आपल्या वजनाइतका होतो. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला सत्तर किलोचा रेटा. सपाट सीटवरचा माणूस अशा वेळी काय करतो? स्टिअरिंगला लोंबकळतो, गुडघा दाराला टेकवतो. ज्या हातांनी गाडी वळवायची, त्याच हातांनी स्वतःला सावरत बसतो. कठड्यांनी अंग धरून ठेवले की हात मोकळे होतात आणि गाडीचा मागचा भाग घसरू लागला तर तो पाठीलाच आधी कळतो. शर्यतीच्या ट्रॅकवर ही गरजच आहे, यात वादच नाही.

या सीटचे घराणेही खोगिराचेच आहे. १९०६ साली विल्हेल्म रॉयटर नावाच्या, मूळ खोगिरे बनवणाऱ्या कारागिराने स्टुटगार्टमध्ये गाड्यांच्या बॉड्या बांधण्याचा कारखाना काढला. पुढे पोर्शेच्या गाड्यांच्या बॉड्या तिथे बनू लागल्या. साठीच्या दशकात तो कारखाना पोर्शेने घेतला आणि रॉयटरच्या मंडळींनी फक्त सीट बनवायचे ठरवले. 'रॉयटर' आणि 'कारोसेरी' या शब्दांची जर्मन स्पेलिंगमधली आद्याक्षरे जोडून १९६३ मध्ये 'रेकारो' हे नाव तयार झाले. १९६५च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात त्यांनी आपली स्पोर्ट सीट मांडली. खोगीर करणाऱ्याच्या वारसांनी मोटारवाल्याला मांड दिली, असे म्हणायला हरकत नाही.

मग माझी तक्रार काय? तक्रार सीटबद्दल नाहीच, हिशेबाबद्दल आहे. तेच वळण ताशी ४० ने घ्या. वेग निम्मा झाला की जोर चौथाईवर येतो. आणि सार्वजनिक रस्त्यावर, पलीकडून शाळेची बस येत असताना, असले वळण ८० ने घेणारा माणूस मला माझ्या भाच्याच्या रूपात तरी नको आहे. स्टुटगार्टहून म्युनिचला जाणारा महामार्ग दोनशे किलोमीटरहून लांब. त्यातला बराचसा सरळ. तिथे ते कठडे तासन् तास नुसते बसून असतात. अंग मात्र आखडते, कारण मध्येच कूस बदलावी, मांडी जरा सैल करावी, एवढी जागाच ते ठेवत नाहीत.

आता एक गंमत पाहा. ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात पोर्शेने '९११ कॅरेरा आरएस २.७' ही गाडी आणली. शर्यतीत उतरण्याची परवानगी मिळावी म्हणून ५०० गाड्या विकणे कंपनीला भाग होते. २१० अश्वशक्तीची, खास शर्यतीसाठी जन्मलेली ही गाडी. तिच्या दोन प्रमुख आवृत्त्या होत्या. एक 'स्पोर्ट', बकेट सीटची, आतून जवळजवळ उघडीवाघडी. दुसरी 'टूरिंग', नेहमीच्या आरामशीर सीटची, शंभर किलोंच्या आसपास जड. शेवटी एकूण १,५८० गाड्या बनल्या. त्यांत स्पोर्ट किती असतील? अवघ्या २००. टूरिंग १,३०८! त्या काळातल्या सगळ्यात तडफदार पोर्शेच्या गिऱ्हाइकांनीही बूड टेकायच्या वेळी बैठकच मागितली. आज संग्राहकांच्या बाजारात भाव जास्त खाते ती स्पोर्ट, हे खरे. पण संग्राहक ती गाडी झाकून ठेवण्यासाठी घेतात. चालवायला घेणाऱ्यांनी काय निवडले, ते वरच्या आकड्यांत आहे.

पाठीचा मुद्दा यापेक्षा नाजूक आहे आणि इथे भाच्याचा 'सोफा' हा शब्द मला मान्य नाही. मऊ म्हणजे आरामदायक, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. सोफ्यात दोन तास रुतून बसा आणि मग उठून पाहा! स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून तिथला दाब मोजला. उभे राहण्यापेक्षा आधाराशिवाय बसण्यात तो जास्त भरला. नंतरच्या मोजमापांत हा फरक एवढा ठळक राहिला नाही. पण पाठ थोडी मागे रेलली आणि कमरेच्या पोकळीत आधार आला की चकतीवरचा भार हलका होतो, हे टिकून राहिले. लोड-तक्क्याला रेलून बसणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे सुईशिवाय ठाऊक होते.

भाच्याच्या त्या गाडीतली कम्फर्ट सीट म्हणजे असा तक्क्या आहे. तिच्या पाठीचा वरचा भाग वेगळा पुढे झुकवता येतो, म्हणजे कंबर मागे रेललेली राहूनही खांद्यांना टेकण मिळते. कमरेचा आधार फुगवता, खाली-वर करता येतो. मांडीखालची गादी पुढे सरकते. उलट पोर्शेची आजची पूर्ण बकेट सीट पाहा: तिची पाठ कललेली आहे तशीच राहते, एका अंशानेही हलत नाही. अंगाला जमली तर ती अंगरख्यासारखी बसते. नाही जमली, तर शिंप्याकडे नेण्याची सोय नाही.

आणि अंग कुणाचे, हा तर खरा प्रश्न. भाचा सहा फुटी, शिडशिडीत. माझी भाचेसून पाच फुटांच्या जरा वर आणि आठवड्यातले तीन दिवस गाडी तिच्या हातात असणार. स्पोर्ट सीटच्या पाठीचे कठडे बटणाने जवळ-लांब होतात. मांड्यांलगतचे मात्र कारखान्यात ठरले तसेच राहतात. माझी थोरली बहीण दरवर्षी उन्हाळ्यात लेकाकडे जाते. गुडघ्यांचे दुखणे आणि नेसायला नऊवारी नसली तरी पाचवारी साडी. तो उंच कठडा ओलांडून आत बसायचे म्हणजे आधी त्याच्यावर टेकायचे, मग पाय उचलून आत घ्यायचे, मग निऱ्या सावरायच्या. उतरताना याच्या उलट, आणि तेही रस्त्याच्या कडेला उभे राहून हात देणारा कुणी असेल तर. गाडी विकत घेताना ही माणसे शोरूममध्ये नसतात. तिथे असतो तो एकटा पुरुष, समोर आरसा आणि मनात नुरबुर्गरिंग.

त्या नुरबुर्गरिंगचा २०.८ किलोमीटरचा जुना ट्रॅक ठरावीक दिवशी पैसे भरून कुणालाही मिळतो आणि महिन्यातून एकदा तिथे जाणाऱ्याने स्पोर्ट सीट जरूर घ्यावी. माझा काही विरोध नाही. भाचा तिथे आजवर दोनदा गेला आहे, दोन्ही वेळा मित्राच्या गाडीतून.

सीट निवडायला जाल तेव्हा पाच मिनिटे बसून उठू नका. निदान तासभर गाडी चालवा, घरातल्या सगळ्यात लहान चणीच्या माणसालाही चालवू द्या आणि सगळ्यात वयस्कर माणसाला दोनदा चढ-उतार करायला लावा. विक्रेता कंटाळेल, कंटाळू द्या. आणि बसण्यापूर्वी पँटच्या मागच्या खिशातले पाकीट तेवढे बाहेर काढा. त्या एका पाकिटामुळे कंबर वाकडी होते आणि नाव मात्र बिचाऱ्या सीटचे खराब होते.